इलेक्ट्रॉनिक गिअर कधी पडतो, कधी पडत नाही? डिरेलर बदलण्याआधी मोटरचा आवाज ऐका

प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यातली रोड बाइक, शिमानो अल्टेग्रा डीआय२ (बटण दाबलं की मोटरने गिअर बदलणारी प्रणाली), ११ स्पीड म्हणजे मागे ११ चकत्या, आर८०५० मालिका, जुनी घेतलेली. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली. पहिल्या पावसात चिखलाने भरली, म्हणून मोटरसायकलच्या सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने धुतली. तेव्हापासून लळिंग घाट चढताना बटण दाबलं तरी कधी गिअर पडतच नाही, तर कधी दोनदा-तीनदा दाबल्यावर दोन गिअर एकदम पडतात. पुढचा गिअर मात्र नीट पडतो, आणि घरी स्टँडवर लावली की सगळं सुरळीत. दुकानदार म्हणतो, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) गेला, नवा टाका.

भाऊ, डिरेलर एवढ्यात टाकू नका. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळी लक्षणं आहेत आणि ती एकाच बिघाडाची असतीलच असं नाही. ती वेगळी केली की अर्धं काम झालं.

‘दोन गिअर एकदम पडतात’ याचा अर्थ तुमचे दोन्ही हुकूम डिरेलरपर्यंत पोचले होते. पहिल्या दाबाला मोटर सरकली, पण चेन पुढच्या चकतीवर चढायला तयार नव्हती. तुम्ही पुन्हा दाबलं, मोटर आणखी एक घर सरकली आणि मग चेनने दोन्ही घरं एकदम गाठली. इथे वीज, वायर, बटण यांचा दोष नाही, दोष लोखंडाचा आहे. ‘गिअर पडतच नाही’ हे मात्र दोन्ही कारणांनी होतं. म्हणून पहिली तपासणी एकच: बटण दाबल्यावर मोटर वाजते की नाही?

सायकल स्टँडवर घ्या, पंखा बंद करा, कान मागच्या डिरेलरजवळ न्या आणि पेडल फिरवत एकेक गिअर टाका. प्रत्येक दाबाला एक छोटा, स्वच्छ ‘झिर्र’ असा आवाज यायला हवा. दोन-चार वेळा करून समाधान मानू नका, वर-खाली मिळून निदान पन्नास वेळा टाका. मोटर वाजली, पिंजरा (डिरेलरचा चेन धरणारा खालचा भाग) सरकला आणि चेन मागे राहिली तर यांत्रिक बिघाड. मोटर वाजली पण पिंजरा जागचा हललाच नाही तर डिरेलरचा संरक्षक दुवा सुटला आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. मोटर वाजलीच नाही तर वीज किंवा सिग्नल. सायकलवर वायरलेस युनिट असेल आणि सायकल काँप्युटरवर गिअरचा आकडा दिसत असेल तर हीच परीक्षा घाटातही घेता येते. आकडा बदलला पण पायाला गिअर बदललेला जाणवला नाही तर हुकूम पोचला होता. आकडाच बदलला नाही तर वायरीच्या मागे लागा.

आता स्टँडवर सगळं बरोबर आणि घाटात बिघाड, असं का? स्टँडवर चेनवर जोर नसतो, त्यामुळे जराशी चुकलेली मांडणीही चालून जाते. घाटात चेन ताणलेली असते आणि अर्धा मिलिमीटर चूकही लपत नाही. दुसरं, चढावर उभं राहून पेडल मारताना हँडल डावीकडे-उजवीकडे ओढलं जातं, शिफ्टरच्या, म्हणजे गिअरची बटणं असलेल्या, मुठीवर सगळं वजन येतं आणि आतली वायर त्याच्यासोबत हलते. म्हणून स्टँडवरच घाट तयार करा. पेडल फिरवताना मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा, म्हणजे चेनवर भार येईल. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून गिअर टाका, शिफ्टरची मूठ ओढून-ढकलून टाका, डिरेलरच्या प्लगला बोटाने हलकेच डोलवत टाका. बिघाड इथे दिसला की तो पुन्हा पुन्हा दाखवता येतो आणि मगच दुरुस्त करता येतो.

तुमची सायकल डिकीतून आली आहे, त्यामुळे आधी हँगर. डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या छोट्या पट्टीला लटकतो ती पट्टी म्हणजे हँगर. अपघातात फ्रेमऐवजी ती वाकावी, अशीच ती मुद्दाम मऊ केलेली असते. जळगाव-पुणे किंवा धुळे-पुणे ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकल उजव्या कुशीवर टाकली आणि वर कुणाची गोणी ठेवली की एवढं पुरतं. डिरेलरवर ओरखडासुद्धा नसतो आणि हँगर दोन-तीन मिलिमीटर आत गेलेला असतो. केबलच्या गिअरवर सवयीचा माणूस अशी चूक अंगठ्याने थोडं जास्त ढकलून भरून काढतो. इलेक्ट्रॉनिक डिरेलर मात्र दर वेळी ठरलेल्याच अंतरावर जातो, त्यामुळे वाकलेल्या हँगरवर तो दर वेळी तितकाच चुकतो. ॲडजस्टमेंटने दोन-तीन गिअर जुळतात आणि बाकीचे बिघडतात. ‘मधले बरोबर, मोठ्या चकत्यांवर खडखड’ अशी तक्रार असेल तर संशय सरळ हँगरवर घ्या.

पहिला अंदाज डोळ्याने घ्या. सायकलच्या मागे बसून पिंजऱ्यातल्या दोन्ही छोट्या चाकांच्या (जॉकी पुलींच्या) कडेला सरळ पट्टी धरा. पट्टी चकत्यांच्या पातळीला समांतर दिसली पाहिजे. खात्रीची मोजणी हँगर गेजने होते. डिरेलर काढून गेजचा दांडा हँगरच्या आट्यात घट्ट करायचा, टोक मागच्या रिमपर्यंत आणायचं आणि घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ या चार जागी रिमपासूनचं अंतर पाहायचं. प्रत्येक जागी चाक फिरवून रिमचा तोच ठिपका गेजसमोर आणा, नाहीतर वाकडी रिम तुम्हाला फसवेल. चारही जागांमधला फरक ४ मिलिमीटरच्या आत हवा. ११ स्पीडला तो २ मिलिमीटरच्या आत आणलेला चांगला.

गेज धुळे-नंदुरबारकडे सहज मिळत नाही, पण जुन्या मिस्त्रींची एक युक्ती चालते. हँगरचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर अंतराचे असतात. साध्या गिअर सायकलच्या मागच्या चाकाचा १० मिलिमीटरचा ॲक्सलही बहुधा त्याच आट्यांचा असतो. ते सुटं चाक ॲक्सलसकट हँगरमध्ये हाताने फिरवून बसवा. दोन रिम शेजारीशेजारी उभ्या राहतील आणि त्यांच्यातलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखं हवं. ॲक्सल पहिल्या दोन वेढ्यांत अडला तर जोर करू नका, तो दुसऱ्या मापाचा आहे. घरच्या काळ्या सायकलचा ॲक्सल तर मुळीच घालू नका, आटे जातील.

वाकलेला हँगर थंडच, हळूहळू सरळ करा. एकदा चालतं, दुसऱ्यांदा धोका आणि तिसऱ्यांदा तो घाटात तुटून डिरेलर सरळ चाकाच्या तारांत (स्पोकमध्ये) जातो. म्हणून तुमच्या फ्रेमचा एक सुटा हँगर मागवून सीटखालच्या पिशवीत ठेवाच. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐनवेळी जिल्ह्यात मिळणार नाही. बसवताना डिरेलरचा मुख्य बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळा. ढिला राहिलेला हा बोल्ट वाकलेल्या हँगरसारखीच लक्षणं दाखवतो.

हँगरसोबत तीन गोष्टी पाहून घ्या. मागच्या चाकाचा ॲक्सल पूर्ण आवळलेला आहे का? कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) हाताने हलते का? ती धरून ठेवणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला हवी. ११ ते ३४ दात्यांची कॅसेट रोडच्या ११ स्पीड फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) बसवली असेल तर मागे १.८५ मिलिमीटरची रिंग लागते. ती विसरली की लॉकरिंग आवळूनही कॅसेट डुलत राहते. जुन्या सायकलीत डिरेलरच्या पिंजऱ्याची लांबीही तपासा. आर८०५० चा छोटा पिंजरा ३० दात्यांपर्यंतच आहे, ३४ साठी लांब पिंजरा लागतो. चेनसाठी स्टीलची पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये १२ इंचांत, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरमध्ये, पिनपासून पिनपर्यंत २४ पिनांचं अंतर बसतं. ते ३०६.३ च्या पुढे गेलं की चेन अर्धा टक्का ताणली आहे, बदला. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखलही तसाच. तेल कमी लावा, पण चेन पुसा रोज.

हँगर सरळ झाल्यावरच ॲडजस्टमेंटला हात लावा. चेन मोठ्या चकतीपासून मोजून पाचव्या चकतीवर घ्या. जंक्शन बॉक्सचं (हँडलजवळच्या, वायरी जोडणाऱ्या छोट्या डबीचं) बटण लाल दिवा स्थिर लागेपर्यंत दाबून सोडा. आता शिफ्टरची बटणं गिअर बदलत नाहीत, डिरेलरला केसभर सरकवतात. मुळ जागेपासून दोन्ही बाजूंना १६-१६ पायऱ्या मिळतात. पेडल फिरवत आतल्या बाजूचं बटण एकेक दाबत जा. चेन चौथ्या चकतीला घासून बारीक किरकिर करू लागली की थांबा आणि तिथून बाहेरच्या बाजूला ४ पायऱ्या परत या. बटण पुन्हा दाबून लाल दिवा घालवा आणि सगळे गिअर फिरवून बघा. कुठे आवाज राहिला तर एखादी पायरी इकडेतिकडे.

मग टोकाचे स्क्रू. सर्वात मोठ्या चकतीवर आतल्या टोकाचा स्क्रू डिरेलरच्या दुव्याला नुसता टेकेपर्यंतच आत घ्या. सर्वात छोट्या चकतीवर बाहेरच्या टोकाचा स्क्रू टेकवा आणि एक पूर्ण फेरा मागे सोडा. डीआय२ छोट्या चकतीकडे येताना जागेच्या किंचित पुढे जाऊन परत येतो, त्याला ती मोकळीक हवी. आतला स्क्रू जास्त आवळला तर मोटर त्याच्यावर ढकलत राहते, गिअर अडखळतो आणि बॅटरी काही दिवसांत बसते. ‘बॅटरी टिकत नाही’ म्हणून आलेल्या सायकलीत हा स्क्रू आधी पाहावा.

त्या लाल दिव्याबद्दल एक सावधगिरी. जंक्शन बॉक्स हँडलच्या टोकाला असेल तर डिकीत किंवा भिंतीला टेकवताना बटण दाबलं जातं आणि सायकल ॲडजस्टमेंट मोडमध्ये जाते. मग दर दाबाला नुसता ‘टिक’ असा आवाज येतो, गिअर पडत नाही आणि आठ-दहा वेळा दाबून माणूस चांगली जुळणी बिघडवून बसतो. गिअर पडत नसला की आधी दिवा बघा. तसंच हे बटण लागोपाठ दोनदा दाबलं की सिंक्रो मोड बदलतो. त्यात पुढची चकती आपोआप बदलते आणि लोकांना वाटतं गिअर भुताने टाकला.

संरक्षणाचं म्हणाल तर, सायकल उजवीकडे पडली किंवा डिरेलरला जोराचा फटका बसला की मोटर आणि पिंजरा यांच्यातला दुवा मुद्दाम सुटतो, म्हणजे दातेरी चक्रं तुटत नाहीत. मोटर वाजते, पिंजरा ढिम्म. जंक्शनचं बटण ५ सेकंदांहून जास्त, लाल दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा, सोडा, मग पेडल फिरवत गिअर बदलत राहा. दुवा पुन्हा जुळतो. दुवा सुटला होता म्हणजे फटका बसला होता, तेव्हा हँगर पुन्हा मोजा.

आता मोटर वाजतच नाही तो प्रकार. तुमच्या सायकलवर प्रेशरचं पाणी मारलं आहे, त्यामुळे इथेही काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी. डीआय२ पाऊस सहज झेलतो, पण मोटरसायकल धुण्याचा फवारा प्लगच्या रबरी कडेवर जवळून मारला तर पाणी आत शिरतं. चिखल आधी वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, मग बादली आणि स्पंज. एवढंच पुरतं.

मागच्या डिरेलरचा प्लग काढा. ११ स्पीडची वायर ईडब्ल्यू-एसडी५० आणि तिचं प्लास्टिकचं हत्यार टीएल-ईडब्ल्यू०२. एका बाजूने काढायचं, दुसऱ्या बाजूने बसवायचं. पक्कड लावू नका, प्लगच्या मानेवर चीर पडते. उजेडात पिन बघा. निरोगी पिन चकचकीत असते. पाणी गेलेली पिन निस्तेज दिसते आणि बुडाशी हिरवट कड धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने किंवा दात कोरायच्या काडीने ती पुसा आणि प्लग उघडा ठेवून रात्रभर पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर नको, मे महिन्याचं ऊनही नको. गंज सोडवायचे स्प्रे या प्लगमध्ये मारू नका. परत बसवताना ‘टक’ असा झटका बोटाला जाणवला पाहिजे. तो जाणवला नाही तर प्लग अर्धवट बसला आहे, आणि अर्धवट प्लग अगदी तुमच्यासारखीच लक्षणं दाखवतो: घरी ठीक, खडबडीत रस्त्यावर बंद. रिकाम्या पोर्टवर बूच आहे का तेही पाहा. पण हे प्लग उगाच वारंवार काढघाल करू नका, दर वेळी त्यांचं जलरोधक रबर झिजतं.

एवढ्याने सुटलं नाही तर भाग वेगळे काढा. ई-ट्यूबमध्ये, म्हणजे डीआय२ च्या वायरिंगमध्ये, दोनच तारांवरून वीज आणि हुकूम दोन्ही जातात आणि कुठलं युनिट कुठल्याही ई-ट्यूब पोर्टला लावलेलं चालतं. हीच आपली सोय. पहिली परीक्षा फुकटची आहे: शिमानोच्या ई-ट्यूब ॲपमधून डाव्या शिफ्टरच्या बटणांना मागचा डिरेलर नेमून द्या आणि तोच घाट चढा. डाव्याने एकदाही चूक झाली नाही आणि उजव्याने होते, तर उजवा शिफ्टर किंवा त्याची वायर. दोन्हीने होते तर पुढे चला. दुसरी परीक्षा एका लांब सुट्या वायरची: जंक्शनच्या किंवा शिफ्टरच्या रिकाम्या पोर्टपासून मागच्या डिरेलरपर्यंत ती फ्रेमच्या बाहेरून टेपने चिकटवून न्या. बिघाड गेला तर आतली वायर दोषी, डिरेलर निर्दोष. तिसरी, सगळी सिस्टिमच मधूनमधून मरत असेल तर एकेक युनिट काढत जा. पाणी गेलेलं एक युनिट अख्ख्या सिस्टिमला खाली बसवतं आणि ते काढलं की बाकीची जिवंत होतात.

वायर तुटते ती ठरलेल्या जागी: स्टेममधून (हँडल धरणाऱ्या तुकड्यातून) फ्रेममध्ये शिरते तिथे हँडल वळून वळून, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या ॲक्सलच्या) पोकळीत जंक्शन सुटा वाजत असेल तिथे, आणि मागच्या चेनस्टेमधून (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीतून) बाहेर येते तिथे, चाक घालताना चिमटून. वरचं आवरण शाबूत दिसतं, आत तार तुटलेली असते. हँडल एका बाजूला वळवल्यावरच बंद पडत असेल तर पहिल्या जागेकडे जा.

बॅटरी पाहायला शिफ्टरचं बटण अर्ध्या सेकंदाहून जास्त दाबून धरा. जंक्शनवर हिरवा दिवा २ सेकंद स्थिर म्हणजे भरलेली, हिरवा पाच वेळा लुकलुकला तर निम्मी, लाल स्थिर म्हणजे पाव, लाल लुकलुकला तर संपली. वीज कमी झाली की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो, मग मागचा. तुमचा पुढचा नीट चालतो आणि मागचाच चुकतो, म्हणून रिकामी बॅटरी हे तुमचं कारण नाही. तरी आपल्या उन्हाळ्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही लिथियम बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा ० ते ४५ अंश आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात दुपारची हवाच तिथवर जाते आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी वर. राइडवरून आल्या आल्या तापलेल्या सायकलला चार्जर लावू नका. रात्री उशिरा किंवा पहाटे, घरात लावा. भरायला साधारण दीड तास लागतो. संध्याकाळी भरून ठेवलेली बॅटरी सायकल न चालवता सकाळी लाल दाखवत असेल तर पुढच्या रात्री तिचा प्लग काढून ठेवा. तरीही उतरली तर सेल गेला, नाही उतरली तर कुठलंतरी युनिट वीज खातं आहे.

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या हायटेन्शन लाइनींना किंवा मोबाइल टॉवरला दोष द्यायचं तुमच्या सायकलीत कारणच नाही, तिचे हुकूम तारेतून जातात. २०२१ पासूनच्या १२ स्पीड डीआय२ मध्ये शिफ्टर वायरलेस झाले. त्यात प्रत्येक शिफ्टरमध्ये सीआर१६३२ चे दोन सेल असतात. एकाच हाताचे हुकूम चुकत असतील तर आधी तेच बदला. स्रॅम कंपनीच्या वायरलेस एएक्सएस गिअरमध्ये पुढची-मागची बॅटरी सारखीच, म्हणून ती अदलाबदल करा. बिघाड बॅटरीसोबत पुढे गेला तर बॅटरी दोषी. नाही गेला तर संपर्काचे बिंदू अल्कोहोलने पुसा आणि बॅटरी खाचेत डुलते का ते पाहा. लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून काही बटण सेलवर कडू लेप असतो, तो संपर्कात अडथळा आणतो. लेप नसलेले घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: हँगर, मुख्य बोल्ट आणि ॲक्सल, मग मागचा प्लग, मग डाव्या शिफ्टरची परीक्षा, शेवटी बाहेरची वायर. पहिल्या दोन गोष्टींना एक संध्याकाळ पुरेल. बाहेरून चांगली वायर लावल्यावरही, चार्ज बॅटरीवर, भाराशिवाय मोटर मधूनमधून मुकी राहिली, तरच डिरेलर गेला म्हणा आणि तेव्हाच तो नाशिक-पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. सायकल पुन्हा डिकीत घालावी लागलीच तर डिरेलर हँगरवरून काढून बबल रॅपमध्ये गुंडाळा, चेनस्टेच्या आतल्या बाजूला बांधा आणि सायकल डाव्या कुशीवर ठेवा.